दारू सोडताना आपल्याला मानवेल अशी मीटिंग कशी शोधावी

अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने मीटिंगचा पत्ता शोधण्याआधी डॉक्टरांना गाठावे, कारण दारू एकाएकी बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरण्यापासून फिट येणे, भास होणे, स्थळकाळाचे भान सुटणे इथपर्यंत त्रास होऊ शकतो आणि तो प्रसंगी जिवावर बेततो. हा टप्पा औषधांनी पार पाडायचा असतो. त्यापुढचे महिने आणि वर्षे न पिता कशी काढायची, यासाठी मीटिंग असते.

आपल्याकडे ‘मीटिंग’ म्हटले की बहुधा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए. या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदतीच्या संघटनेची मीटिंग अभिप्रेत असते. ही संघटना १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात सुरू झाली आणि १९५७ साली दिल्लीत तिची भारतातील सुरुवात झाली. तिला फी नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. जागेचे भाडे आणि चहा यांचा खर्च सभासद स्वेच्छेने भागवतात. नवीन माणसाने काही टाकले नाही, तरी कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही.

पत्ता मिळवण्यासाठी ए.ए.च्या संकेतस्थळावरील हेल्पलाइन, १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशक यांपैकी कोणाकडेही विचारणा करावी. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रातून उपचार घेतले असतील, तर तिथल्या पाठपुराव्याच्या बैठकांचीही चौकशी करावी. गट अनेकदा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये किंवा समाजमंदिरात भरतात आणि बाहेर ठळक पाटी असतेच असे नाही. शाळेच्या परीक्षा किंवा सुट्या असतील, तर जागा बदललेली असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घेणे बरे. त्याच फोनवर मीटिंगची भाषा कोणती, ती खुली आहे की बंद, आणि स्त्रिया नियमित येतात का, हेही विचारावे. खुल्या मीटिंगला कुटुंबीय किंवा मित्र सोबत येऊ शकतात; बंद मीटिंग केवळ ज्यांना स्वतःचे पिणे थांबवायचे आहे त्यांच्यासाठी असते. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल, त्याने खुल्या मीटिंगपासून सुरुवात करावी.

निवड करताना मी सर्वांत जास्त महत्त्व वेळेला देईन. ज्याचे पाय संध्याकाळी सात वाजता आपोआप बारकडे वळतात, त्याला रविवारी सकाळी अकराची मीटिंग कितीही चांगली असली, तरी सोमवारी सातला तिचा उपयोग थोडाच होणार. त्याने सातचीच मीटिंग शोधावी आणि शक्यतो कामावरून घरी परतण्याच्या वाटेवरची शोधावी. फोर्टात नोकरी करून डोंबिवलीला राहणाऱ्याने आधी घरी जाऊन पुन्हा बाहेर पडण्याचा बेत आखला, तर तो आठवड्याभरातच बारगळण्याची शक्यता जास्त. भाषेचेही तसेच आहे. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांत गट चालतात. ज्या भाषेत आपण घरी भांडतो त्या भाषेतला गट निवडावा, कारण लाज वाटणारी गोष्ट परक्या भाषेत एक तर गुळगुळीत होते किंवा सांगायचीच राहून जाते.

तालुक्याच्या गावात ‘कोणी ओळखीचे भेटले तर?’ ही भीती खरी असते. अशा वेळी शेजारच्या शहरातील गटात जावे किंवा काही दिवस ऑनलाइन मीटिंगला बसावे. तिथे जो आपल्याला पाहील तो स्वतःही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि मीटिंगमध्ये कोण दिसले, कोण काय बोलले, हे बाहेर सांगायचे नाही, असा तिथला दंडक आहे. स्त्रियांसाठी मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन वेगळी मीटिंग आहे का, हेही हेल्पलाइनवर विचारता येते.

आत गेल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर ए.ए.ची पुस्तके आणि मीटिंग चालवणारा एक सभासद, एवढाच थाट दिसतो. पुढे येणारा ‘माझे नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे’ असे म्हणून आपली हकीकत सांगतो. त्याला मध्येच तोडून कोणी सल्ला देत नाही. तुमच्यावर वेळ आली आणि बोलायचे नसेल, तर ‘आज फक्त ऐकायला आलो आहे’ एवढे म्हणून बसून राहिले तरी चालते. प्रार्थना आणि ईश्वराचा उल्लेख काहींना खटकतो. ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमातला ईश्वर ‘आपल्याला उमगला तसा’ असल्याने नास्तिकही तिथे टिकतात, पण ज्यांना तेही नको असेल, त्यांच्यासाठी १९९४ साली सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरी या वेगळ्या संघटनेच्या ऑनलाइन मीटिंगचा पर्याय आहे.

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नये. एकाच गटात तीन-चार वेळा जावे आणि आणखी दोन गट पाहावेत. जुने सभासद आणि नवखे दोघेही असतील, आणि मीटिंग संपल्यावर कोणी स्वतःहून आपला फोन नंबर देत असेल, तर तो गट धरून ठेवण्याजोगा समजावा. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणारा, उसने पैसे मागणारा किंवा नव्याने आलेल्या स्त्रीशी नको तितकी सलगी करणारा कोणी भेटला, तर गट बदलावा. मार्गदर्शक सभासद, ज्याला तिथे स्पॉन्सर म्हणतात, तो पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री असावा, हा प्रघात याच कारणाने पाळावा.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटना आहे. तिच्या मीटिंगला पत्नीने किंवा आईने पिणाऱ्याची वाट न पाहता जावे. तो अजून पीत असला, तरीही तिला तिथे जाता येते.