रिलीव्हिंग लेटर नाही आणि पीएफमध्ये जुनी नोकरी अजून चालूच दिसते : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्रीची नोकरी पगाराच्या वादातून सुटली. रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, मिळालं नाही, पीएफमध्ये सोडल्याची तारीखही नाही. नव्या कंपनीच्या पडताळणीत मी अजून तिथेच! जुन्या एचआरला फोन, मेल, उत्तर नाही. डोकं फिरलं.

शेवटी हे चाललं. पीएफच्या यूएएन (पीएफचा कायमचा खातेदार क्रमांक) मेंबर पोर्टलवर 'मॅनेज', मग 'मार्क एक्झिट'. जुना पीएफ क्रमांक निवडायचा, तारीख व कारण भरायचं, आधारच्या मोबाइलवरचा ओटीपी टाकायचा. पीएफच्या शेवटच्या वर्गणीनंतर २ महिने थांबावं लागतं, तारीखही त्याच वर्गणीच्या महिन्यातली. नीट बघून भरा, नंतर बदलणं कटकटीचं.

मग 'व्ह्यू'मधून सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट काढली. मुलाखतीत त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "पगारावरून वाद झाला, लेटर दिलं नाही. ही तारीख, ह्या पगाराच्या स्लिपा." जुन्या मालकाची निंदा नाही. साहेबांनी रुजू कधी होणार एवढंच विचारलं.