आधी चिखल, मग जनुकं

गोठलेल्या जमिनीतल्या विषाणूंवर काम करते असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. २०१४ साली सायबेरियातल्या ३०,००० वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतून पिथोव्हायरस काढून प्रयोगशाळेत वाढवला गेला. तेव्हापासून "ते बाहेर आले तर आपलं काय?" हा प्रश्न काही पिच्छा सोडत नाही. पिथोव्हायरस अमीबाला लागतो. माझ्या ट्यूबमधले विषाणू बहुतेक जीवाणूंवर जगणारे, माणसाकडे ढुंकूनही न बघणारे.

त्यांचं महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनींत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन साठलेला आहे, वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की सूक्ष्मजीव त्यावर ताव मारतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड किती निघणार आणि मिथेन किती, हे कोणते सूक्ष्मजीव माजतात त्यावर अवलंबून असतं. विषाणू त्यांतल्या काहींना फोडतात, फुटलेल्या पेशीतला माल शेजाऱ्यांच्या तोंडी पडतो, आणि सगळा हिशेब बदलतो.

या विषयात येऊ पाहणारी मुलं बहुतेक वेळा एकच विचारतात, "आधी पायथॉन शिकू की आर?" (जनुकांची माहिती चाळायला लागणाऱ्या या संगणकभाषा.) माझं उत्तर त्यांना आवडत नाही. आधी गमबूट घाला.

स्वीडनच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, आबिस्कोजवळ स्टोर्डालेन नावाची दलदल आहे. या विषयातलं बरंच मूलभूत काम तिथलं. तिथे थोड्याशा अंतरात तीन प्रकारची जमीन भेटते. पाल्सा म्हणजे पोटात बर्फ असलेला कोरडा उंचवटा. तो वितळून खचू लागला की बॉग होतो: वर स्फॅग्नम शेवाळाची गादी, खाली आम्लधर्मी पाणी. पूर्ण वितळलेला भाग म्हणजे फेन, पाण्यात उभं गवत. वितळण्याच्या पायऱ्याच जणू शेजारीशेजारी मांडून ठेवल्यात. चालायचं ते लाकडी फळ्यांवरून, कारण पाय खाली पडला की पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) दबतं, अडकलेला मिथेन बुडबुडत वर येतो आणि शेजारी चाललेल्या कुणाच्या तरी मोजणीचा बोजवारा उडतो. (उन्हाळ्यात डासांची जाळी न्या. हसू नका, न्या.)

मिथेन बनवणारे आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) बॉगमध्ये मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वापरतात. फेनमध्ये ॲसिटेटपासून (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) मिथेन बनवण्याचा मार्गही जोर धरतो. दोन्हींच्या मिथेनमध्ये कार्बनच्या समस्थानिकांचं (हलक्या आणि जड अणूंचं) प्रमाण वेगळं असतं. २०१४ मध्ये इथूनच मिथेनोफ्लोरेन्स स्टोर्डालेनमिरेन्सिस या आर्कियाचं वर्णन झालं, आणि त्या एकाच जातीच्या प्रमाणावरून मिथेनची समस्थानिक खूण कशी बदलेल याचा अंदाज बांधता येतो असं दिसलं. चिखलातला एक जीव आणि हवेतला वायू यांना जोडणारा इतका सरळ धागा क्वचित हाती लागतो.

आता माझी फजिती. पहिल्या मोसमात मी पाल्साची खोली जमिनीच्या पृष्ठभागापासून मोजली, फेनची पाण्याच्या पातळीपासून, आणि बॉगचा गाभा (नळीने काढलेला मातीचा उभा तुकडा) काढताना शेवाळ किती दबलं ते लिहिलंच नाही. काही महिन्यांनी सीक्वेन्स (नमुन्यांतल्या डीएनएचा वाचलेला क्रम) आले, सुरेख. पण कोणता नमुना कोणत्या खोलीचा, ते मिथेनच्या मोजमापांशी काही केल्या जुळेना. अर्धे नमुने बाद. खोली कुठून मोजली, पाणी किती खाली होतं, मातीचं तापमान, वेळ, हे सगळं पेन्सिलने लिहा. ओल्या वहीवर शाई पसरते.

विषाणू मातीतून काढणं हा त्याहून चिवट प्रकार. ते कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना चिकटून बसतात. बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) हलवून सोडवायचे, ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचे, बाहेरचा मोकळा डीएनए एन्झाइमने संपवायचा, आणि एवढं करून हाती येतो तो चहासारखा तपकिरी द्रव. तो रंग ह्युमिक आम्लांचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींतून आलेल्या पदार्थांचा, आणि ती पुढची प्रत्येक अभिक्रिया अडवतात. पहिले सहा महिने यातच गेले तर तुम्ही मठ्ठ नाही, पीट तसंच असतं.

दुसरी वाट म्हणजे मातीच्या सरसकट डीएनएमधून विषाणूंचे तुकडे संगणकाने हुडकायचे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कामांत स्टोर्डालेनच्या अशा माहितीतून १,५२९ सूक्ष्मजीवांचे जीनोम (जनुकसंच) आणि १,९०७ विषाणू-समूह मिळाले. त्या विषाणूंत वनस्पतींची शर्करासाखळी तोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकंही होती, आणि त्यांतलं एक खरंच काम करतं हे प्रयोगाने सिद्ध झालं.

मलाही एका विषाणूच्या तुकड्यात तसं एक जनुक सापडलं होतं. दोन आठवडे मी हवेत. मग गटातल्या एका सीनिअरने विचारलं, "याच्या डावीकडे काय आहे?" उजवीकडे विषाणूच्या कवचाचं जनुक, डावीकडे काहीच नाही, तुकडा तिथेच संपत होता. लांब तुकडा जुळवल्यावर कळलं की तो जीवाणूच्या जीनोममध्ये घुसून बसलेला विषाणू होता आणि माझं लाडकं जनुक जीवाणूचंच, अगदी कडेवरचं. दोन्ही बाजूंना विषाणूची जनुकं दिसल्याशिवाय आता मी कुणाला ईमेलसुद्धा करत नाही.

लगेच उत्तरेला जाणं जमत नसेल तर एनसीबीआय या अमेरिकन सार्वजनिक जनुक-माहितीकोशात या दलदलींची सीक्वेन्स माहिती खुली आहे. आयएमजी/व्हीआर या विषाणूंच्या माहितीकोशात त्यांचे जीनोम मिळतात. एकच नमुना घ्या आणि त्याची खोली, पाणी, आम्लता शोधत बसा. कुणी काय नोंदवायचं विसरलंय ते लगेच दिसेल. आणि एखाद्या गटाला पत्र लिहाल तेव्हा त्यांच्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जुने, न उघडलेले गाभे आहेत का, तेही विचारा. बहुधा असतात.