हिरवं संत्रं आणि स्पॅनिशचे दोन 'आहे'

भाची नागपूरला स्पॅनिश शिकते. दिवाळीत वरूडला आली तेव्हा बागेत वही उघडून बसली. "मामा, यांच्यात 'आहे'ला दोन शब्द काऊन?" जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथं एका 'इज'वर भागतं. तिच्या नादानं मीही शिकायला लागलो.

वहीत नियम होता: कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम खोडून टाका. माणूस मेला तर स्पॅनिशमध्ये 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, म्हणजे एस्तार. मरण कधीपासून तात्पुरतं झालं बावा?

त्यापेक्षा वाक्यात '-लेला' घालून पाहा. मेलेला आहे, दमलेला आहे, दार लावलेलं आहे. काहीतरी घडून आता ही अवस्था आली, तिथं बहुतेक एस्तारच. मी वरूडचा आहे, ती डॉक्टर आहे, टोपली बांबूची आहे, इथं '-लेला' शिरतच नाही, सेर लावा.

आता हातातलं संत्रं. (आपलं संत्रं म्हणजे त्यांचं मांदारिना. नारांखा वेगळं फळ, पण तो शब्द मुळात आपलाच, संस्कृत नारंग.) 'एस वेर्दे' ('एस' हे सेरचं रूप) म्हणजे सालीनं हिरवं. 'एस्ता वेर्दे' म्हणजे अजून कच्चं. आंबिया बहाराचं फळ वरून हिरवट आणि आत गोड असू शकतं. शेतकरी म्हणेल 'एस', भाव पाडायला आलेला व्यापारी म्हणेल 'एस्ता'.

ठिकाण सांगताना एस्तार. मात्र कार्यक्रम कुठं आहे हे सांगताना सेर. मांडव नागपुरात 'एस्ता', लग्न नागपुरात 'एस'. इथं भाची तीनदा चुकली, मी चारदा.

'होणं' जास्त गमतीचं आहे. आपण 'झाला' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत रंग बदलला की 'टर्न', बिघडलं की 'गो' (वेडा, आंधळा, टकला, सगळ्यांना 'गो'), रोजच्या बोलण्यात 'गेट'. स्पॅनिश माणूस बदल कसा झाला ते बघतो. रागानं लाल झाला, थोड्या वेळानं उतरेल: पोनेर्से. वेडा झाला, माणूसच बदलला: वोल्वेर्से. शिकून डॉक्टर झाला: आसेर्से. काही गेलं आणि मागं ही गत उरली: केदार्से. एकटा पडला, 'से केदो सोलो'. टक्कल पडलं, 'से केदो काल्वो'. आपलं 'पडणं' इथं छान जुळतं, पण त्यावर फार विसंबू नका. 'आजारी पडला'ला इंग्रजीत 'फेल इल' चालतं, म्हणजे तिथंही पडणंच. स्पॅनिशमध्ये 'काएर एन्फेर्मो' म्हणजे पडणं, नाहीतर पोनेर्से, केदार्से मात्र नाही.

सराव म्हणून घरच्या माणसांवर वाक्यं करा. परवा भाचीचा मेसेज आला: 'मामा से केदो काल्वो.' क्रियापद बरोबर होतं.