सफरचंद कोल्ड स्टोरेजमध्ये खराब होऊ नये म्हणून बागेतच काय काय करायचं

काढताना फळ स्वच्छ, कडक, रंगाला एक नंबर, आणि दोन महिन्यांनी कोल्ड स्टोरेजमधून पेटी काढून उघडली की सालीवर बारीक खोलगट तपकिरी ठिपके. ज्याने हे एकदा बघितलंय त्याच्या पोटात कसं कालवतं ते मला माहितीय. पहिला राग स्टोरेजवाल्यावर निघतो, माझाही निघाला होता. पण हा ठिपका, म्हणजे बिटर पिट, फळात कॅल्शियम कमी पडल्याने येतो आणि बहुतेक वेळा फुलं गळाल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच ठरलेला असतो, स्टोरेजमध्ये तो फक्त वर येतो.

आधी नक्की काय झालंय ते ओळखा

दोन-चार फळं कापा. सालीच्या लगेच खाली कोरडा, स्पंजसारखा तपकिरी गर आणि तोही देठापेक्षा फुलाकडच्या टोकाला जास्त, तर बिटर पिट. साल तपकिरी भाजल्यासारखी पण आतला गर चांगला, तर स्काल्ड, तो वेगळा प्रकार आहे. गाभ्याजवळ काचेसारखा पाणचट भाग दिसला तर वॉटर कोअर. आणि झाडावरच फळ वेडंवाकडं होऊन आत खोलवर बुचासारखे डाग असतील तर बोरॉन कमी पडल्याचा संशय घ्या.

मुळात कॅल्शियम फळात का पोचत नाही

हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथे पाणी जास्त उडतं तिथे जातं, म्हणजे पानात, आणि एकदा पानात बसलं की तिथून फळात जवळजवळ येतच नाही. फळ लहान असतं तेव्हा त्याला बऱ्यापैकी वाटा मिळतो, नंतर फळ फुगत जातं, पाणी-साखर भरत जाते पण कॅल्शियम त्या मानाने वाढत नाही, मग ते पातळ होत जातं. म्हणून खूप मोठी फळं, कमी फळं लागलेलं झाड, नवीन जोमदार झाड, इथे बिटर पिट सगळ्यात जास्त. हनीक्रिस्प, ब्रेबर्न, कॉक्स या जाती यात फारच नाजूक.

खत, छाटणी आणि पाणी

मातीचा पीएच 6 ते 6.5 च्या आसपास ठेवा, कमी असेल तर चुना लागवडीआधीच मिसळून घ्या. पण माती परीक्षणात कॅल्शियम भरपूर दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, मातीत असणं आणि फळात असणं यात फार अंतर आहे. पोटॅश आणि मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतात, त्यामुळे रंग चांगला येईल म्हणून पोटॅश ओतत बसलात तर नुकसान तुमचंच. नत्राचंही तसंच. जास्त नत्र म्हणजे जास्त फांद्या, जास्त पानं, आणि कॅल्शियम सगळं तिकडे. उन्हाळ्याच्या मध्यावर पान परीक्षण करा, फळावर असलेल्या झाडाच्या पानात नत्र 1.8 ते 2.2 टक्के असलं की पुरे, त्याहून जास्त असेल तर पुढच्या वर्षी हात आवरा. छाटणी हलकी ठेवा, विरळणी करा पण इतकीही नको की राहिलेली फळं भोपळ्यासारखी होतील.

पाणी सारखं द्या. एकदा ताण, मग एकदम भरपूर, असं केलं की कॅल्शियमचा पुरवठा तुटतो, आणि तो नेमका सुरुवातीच्या आठवड्यांत तुटला तर नंतर मुळातून भरून काढता येत नाही.

कॅल्शियमची फवारणी

खरा फरक इथे पडतो. फवारणी पानावर करून उपयोग नाही, थेंब फळावरच बसला पाहिजे, म्हणून झाडाच्या आतल्या फळांपर्यंत फवारा पोचतोय का ते स्वतः बघा. फुलं गळाल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी सुरू करा आणि काढणीपर्यंत दर 10 ते 14 दिवसांनी, म्हणजे साधारण सहा ते आठ वेळा. कॅल्शियम क्लोराईडचे फ्लेक्स वापरत असाल तर सुरुवातीला 100 लिटरला 200 ग्रॅम, नंतर 300 ते 400 ग्रॅमपर्यंत जा, आणि आधी दोन-चार झाडांवर ट्राय करा. तापमान 27 अंशांच्या वर असेल तर थांबा, पानांच्या कडा जळतात. मॅग्नेशियम सल्फेटबरोबर एकाच टाकीत कधीही मिसळू नका, खाली जिप्सम बसतं. कॅल्शियम नायट्रेट स्वस्त-सोपं वाटतं पण त्यातून नत्र जातं आणि काही जातींच्या सालीवर डाग येतात. पंप लगेच धुवा, कॅल्शियम क्लोराईड लोखंड खातं.

बोरॉन अगदी थोडं लागतं. कमतरता सिद्ध झाली असेल तरच फवारा, जास्त झालं तर फळ लवकर पिकतं आणि आतून बिघडतं.

काढणीआधी तीन आठवडे

ही सोपी टेस्ट प्रत्येकाने करावी. प्रत्येक प्लॉटमधून 100 फळं काढा, साध्या खोलीत 20-22 अंशांना तीन आठवडे ठेवा आणि किती फळांवर ठिपके आले ते मोजा. जिथे जास्त आले तो प्लॉट लगेच विका, लांब साठवू नका. चांगला प्लॉट स्टोरेजला.

काढणी कधी करायची ते आयोडीन टेस्टने ठरवा, फळ अर्धं कापून आयोडीनचं पाणी लावलं की जिथे स्टार्च आहे तिथे काळं-निळं होतं, फळ पिकत जाईल तसं हे काळं कमी होत जातं, ते फळ मात्र खायचं नाही. फार लवकर काढलं तर बिटर पिट आणि स्काल्ड वाढतो, उशीर केला तर वॉटर कोअर आणि आतून तपकिरी होणं वाढतं.

स्टोरेजमध्ये

काढल्या दिवशीच गार करायला घ्या. बऱ्याच जातींना 0 अंश आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता चालते, पण हनीक्रिस्पला 3 अंशांच्या आसपास ठेवा, थंडीने तिचा गर बिघडतो. तिला आधी 10 अंशांना आठवडाभर ठेवायची पद्धत आहे, त्याने थंडीचा त्रास कमी होतो पण बिटर पिट वाढतो, म्हणून कॅल्शियम कमी असलेल्या प्लॉटला हे करताना दहादा विचार करा. ऑक्सिजन कमी करून ठेवणार असाल तर फुजी आणि ब्रेबर्नला कार्बन डायऑक्साईड जास्त झालेला सोसत नाही, आतून तपकिरी पडतात.

पेटीवर प्लॉट नंबर लिहा. महिन्यातून एकदा प्रत्येक प्लॉटची वीस फळं बाहेर काढून आठवडाभर खोलीत ठेवा, कारण स्काल्ड थंडीत लपून राहतो आणि उबेत आल्यावर चार-पाच दिवसांत दिसतो, आणि दिसला की त्याच आठवड्यात तो प्लॉट मार्केटला काढा.