जुन्या गाडीचं टायमिंग लावताय? या चुका टाळा

पद्मिनी किंवा अँबॅसडर जुन्या कात्रज घाटात दम टाकायला लागली की पुण्यात पहिला सल्ला ठरलेला, "टायमिंग जरा पुढे घ्या." टायमिंग म्हणजे प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते; पुढे म्हणजे लवकर, मागे म्हणजे उशिरा. मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, ढिला करून फिरवतात आणि दुखणं तसंच राहतं, कारण बऱ्याचदा गडबड असते पॉइंटच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या, गॅपमध्ये.

पॉइंट उघडतो त्या क्षणी ठिणगी पडते. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे जातं. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या, उंच टोकं असलेल्या फिरत्या भागावर) घासून झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं. म्हणून आधी गॅप, मगच टायमिंग. उलट केलंत तर सगळी मेहनत पाण्यात. टाच कॅमच्या उंच टोकावर आणून फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला. अँबॅसडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी गॅप लागतो. जुन्या पॉइंटवर एकीकडे खड्डा, दुसरीकडे उंचवटा झालेला असतो. गेज त्या उंचवट्यावर टेकतं आणि खरा गॅप मापापेक्षा जास्त असतो. असा पॉइंट घासत बसू नका. नाना पेठेतून नवा आणा, कॅमला ग्रीसचं बोट लावा.

इंजिनाच्या पुलीवरची टायमिंगची खूण जुळली म्हणजे एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर (हवा दाबली जाते त्या स्ट्रोकवर) आला, असंही धरून चालू नका. चार स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरा, हवेचा दाब जाणवला तरच खरं. नाहीतर कार्ब्युरेटरमधून भडका उडतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, दोन्ही गाड्यांना १-३-४-२.

इंजिन बंद ठेवून लावायला बारा व्होल्टचा बल्ब पुरतो. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॉइलकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन असताना पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवत खुणेवर या. खूण ओलांडली तर बरंच मागे नेऊन परत या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात येतो. डिस्ट्रिब्युटर मात्र केसभरच हलवा, तो १ अंश फिरला की क्रँकवर २ अंशांचा फरक पडतो.

टायमिंग लाइट (चालू इंजिनावर खूण दाखवणारा दिवा) लावणार असाल तर डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम पाइप काढायचा की नाही ते मॅन्युअलमध्ये बघा. काढलात तर तोंड बंद करा. खूण एका जागी न थांबता नाचत असेल तर शाफ्टचा बुश किंवा चेन गेलेली असते. रेस दिल्यावर खूण सरकतच नसेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं अडकलीत, ती आधी मोकळी करा.

मग गरम इंजिनावर घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. टकटक थांबत नसेल तर टायमिंग थोडं मागे घ्या. आवाज नाही, पण ओढही नाही आणि गाडी तापते, तर ते मागे पडलंय. हँडल मारून स्टार्ट करत असाल तर अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा. टायमिंग फार पुढे असलं तर हँडल उलट फटका देतं आणि मनगट मोडू शकतं.