ठासणीची जुनी बंदूक साफ करताना या चुका टाळा

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक. सगळ्यात मोठी चूक म्हणजे नळी न तपासता हात घालणं. भरलेला बार पिढ्यान्‌पिढ्या आत तसाच राहिलेला असू शकतो, आणि काळी दारू कोरडी असेल तर शंभर वर्षांनीही पेटते. लाकडी काठी नळीच्या तोंडातून हळूच सोडा. टेकली की तोंडापाशी पेन्सिलीने खूण करा. आता तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून धरा. टोक कानापर्यंत (नळीच्या मागच्या टोकाशी दारू पेटवायचं बारीक छिद्र), टोपीची बंदूक असेल तर निपलपर्यंत (जिच्यावर पेटवायची टोपी बसते ती नळकांडी), पोहोचायला हवं. काही टोपीच्या बंदुकांचा तळ अरुंद असतो, म्हणून काठी पेन्सिलीपेक्षा जाड नको. टोक दोन बोटं जरी अलीकडे थांबलं, तरी आत बारच आहे असं धरून चाला. गज घालून खरवडू नका, नळी तापवू नका, ड्रिल लावू नका. तोंडासमोर कुणाला येऊ न देता बंदूक जागेवरच ठेवा आणि पोलिस ठाण्याला कळवा.

दुसरी चूक कागदपत्रांची. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट फक्त दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा जुन्या शस्त्राला आहे. आजोबांची आहे, भिंतीवर टांगलेली आहे, एवढ्याने ती लागू होत नाही. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे परवान्याचं काम त्या-त्या पोलिस आयुक्तालयात चालतं. तिथून लेखी खात्री करून घ्या. कान मोकळा करणं, घोड्याची कमान (स्प्रिंग) बदलणं ही कामं परवानाधारक कारागिराचीच. घरी फक्त वरचा गंज, धातूचा रंग आणि लाकूड.

गंजाच्या बाबतीत सगळं बिघडतं ते चकचकीत करण्याच्या हौसेपायी. लाल, भुकटी होणारा गंज काढायचा असतो. घट्ट बसलेला तपकिरी-काळा थर मात्र ठेवायचा, तोच धातूला सांभाळतो. पॉलिश पेपर किंवा बफ लावला की कारागिराचे ठसे आणि कोरीव काम पुसट होतं, ते परत आणता येत नाही. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवलं तर गंजाबरोबर तो थरही जातो आणि खाली राखाडी, खरखरीत पोलाद उरतं. पातळ मशीन ऑइल लावून २४ तास मुरू द्या, मग ०००० नंबरची, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल हलक्या हाताने फिरवा.

धातूचा काळा रंग पार गेलाच असेल, तर मुद्दाम पातळ गंज चढवून तो उकळून काळा करायची जुनी रीत वापरता येते. मात्र गंज चढायला कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेली १२ तासांची वेळ इथे जुलैत पाळू नका. खाडीलगतच्या दमट हवेत ३-४ तासांतच गंज दाट होतो, पुढे तो खड्डे पाडतो. पिठासारखा बारीक, एकसारखा नारिंगी थर दिसला की थांबा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये १५ मिनिटं उकळा, लाल थर काळा होईल. मग स्टील वूलने मोकळी काजळी काढा. असे ५ ते ८ हात लागतात. डाग पडले तर कारण बहुतेक वेळा तेलाचंच असतं, बोटांचं किंवा स्टील वूलचं. नव्या स्टील वूललाही तेल असतं, ती आधी अ‍ॅसिटोनमध्ये धुवा. दुनळीला कॉस्टिकचं गरम ब्लूइंग (उकळत्या कॉस्टिक द्रावणात बुडवून रंग चढवणं) कधीच करू नका, नळ्या जोडणारं शिशाचं डाख (सोल्डर) त्यात खाल्लं जातं.

दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, घासायचाच नाही. लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली गेलं की काम बिघडलं. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा, दबलेले तंतू फुगून वर येतात. लाकडावर स्टील वूल वापरली तर तिचे कण ओलाव्याने गंजून काळे ठिपके पडतात. घाण्याचं कच्चं जवस तेल पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि त्यावर बुरशी धरते. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल घ्या, दोन-चार थेंब तळहाताने चोळा, दहा मिनिटांनी उरलेलं पुसा, पुढचा हात पहिला वाळल्यावरच. पुसलेली फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा एकेक पसरून वाळवा.

ठेवताना चामड्याचं किंवा स्पंजचं कव्हर नको, दोन्ही ओल धरतात. सुती कापडात सैल गुंडाळा, कपाटात अर्धा किलो रंग बदलणारं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा. रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवा. जून ते सप्टेंबर दर १५ दिवसांनी धातूवर तेलाचा हात फिरवा.