आरसिसलॉगमध्ये मेसेज पार्सर लावताना या चुका टाळा

सकाळी नऊच्या सुमारास आमच्या लॉग सर्व्हरनं लिहिणं थांबवलं. सगळ्या उपकरणांचे लॉग मेसेज गोळा करून फाइलींत लिहिणारा आरसिसलॉग हा प्रोग्राम त्यावर चालतो. तक्रार होती डिस्कवर जागा नसल्याची, पण डिस्क निम्मीही भरलेली नव्हती. मोकळे आयनोड, म्हणजे नव्या फाइलींच्या नोंदीसाठीच्या जागा, पाहिले तर शून्य. मग राउटरांचं फोल्डर उघडलं आणि कारण समोरच दिसलं. ४५८२१ नावाची एक फाइल, तिच्याखाली ४५८२२, मग ४५८२३, आणि अशा लाखो. प्रत्येक फाइलमध्ये एकच ओळ.

प्रोग्रामच्या नावावरून फाइल तयार करायची, असं टेम्पलेट, म्हणजे लिहिण्याचा साचा, आम्हीच लिहिलं होतं. सिस्कोच्या राउटरांवरची आयओएस ही सिस्टीम मात्र मेसेजच्या सुरुवातीला प्राधान्याचा आकडा देते, त्याला चिकटून मेसेजचा अनुक्रमांक, मग विसर्गचिन्ह (:) आणि त्यानंतर वेळ. मेसेजचे भाग वेगळे करणाऱ्या पार्सरला पहिला शब्द विसर्गचिन्हानं संपलेला दिसला आणि त्यानं तो टॅग, म्हणजे पाठवणाऱ्या प्रोग्रामची खूण, म्हणून घेतला. अनुक्रमांकच प्रोग्रामचं नाव होऊन बसला. हे कित्येक आठवडे चाललं होतं आणि एररची एक ओळसुद्धा कुठं उमटली नव्हती.

पार्सरच्या बाबतीत सगळ्यात आधी हेच समजून घ्यायला हवं. आपण काही सांगितलं नाही, तर आरसिसलॉग दोन पार्सर एकामागोमाग वापरून बघतो. आधी २००९ च्या आरएफसी ५४२४ चा, मग २००१ च्या आरएफसी ३१६४ चा. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज. पहिला शिस्तीचा आहे: प्राधान्याच्या आकड्यानंतर आवृत्तीचा १ दिसला नाही, तर तो मेसेज पुढं पाठवतो. दुसरा कशालाच नाही म्हणत नाही. आरएफसी ३१६४ हे मुळात मानक नाहीच, त्या काळी उपकरणं काय पाठवत होती त्याची ती नोंद आहे. त्यामुळं त्यावर बेतलेला पार्सर मिळेल त्यातून अंदाज बांधतो: हा शब्द होस्टनेम, म्हणजे पाठवणाऱ्या उपकरणाचं नाव, असावा, तो टॅग असावा. अंदाज चुकला तरी मेसेज नोंदवला जातो, फक्त भलत्या नावानं.

म्हणून पहिली चूक म्हणजे मूळ मेसेज न बघताच कॉन्फिगला हात घालणं. फाइलमध्ये दिसते ती टेम्पलेटमधून गेलेली ओळ, तारेवरून आलेला मेसेज नव्हे. आरसिसलॉगमध्ये डीबग फॉरमॅट नावाचं तयार टेम्पलेट आहे. संशय असलेल्या उपकरणाचे मेसेज दहा मिनिटं त्या टेम्पलेटनं वेगळ्या फाइलमध्ये लिहू द्या. प्रत्येक मेसेजचं होस्टनेम, टॅग, प्रोग्रामचं नाव, मेसेजमधली वेळ आणि कच्चा मेसेज, सगळं एका ठिकाणी दिसतं. कच्चा मेसेज आणि त्यातून निघालेले भाग शेजारी ठेवून वाचले, की चूक बहुतेक वेळा तिथंच सापडते.

दुसरी चूक सगळ्यात जास्त वेळ खाते, आमचाही तिनंच खाल्ला. सिस्कोसाठी वेगळा पार्सर मॉड्यूल आहे हे कळल्यावर आम्ही तो लोड केला, सेवा रीस्टार्ट केली आणि काहीच बदललं नाही. नुसतं लोड करून पार्सर कामाला लागत नाही. पार्सरची साखळी रूलसेटला, म्हणजे नियमांच्या संचाला, जोडायची असते आणि तो रूलसेट एखाद्या इनपुटला, म्हणजे ठरावीक पोर्टवर ऐकणाऱ्या लिसनरला. यातला एक जरी दुवा राहिला, तर मेसेज मुकाट्यानं जुन्याच वाटेनं जातात.

मग अनेक जण मुख्य रूलसेटमध्ये अट लिहितात: पाठवणाऱ्याचा आयपी अमुक असेल तर सिस्कोचा रूलसेट कॉल कर. हे दिसायला बरोबर वाटतं, पण उपयोग शून्य. नियम चालू होईपर्यंत पार्सिंग उरकलेलं असतं. कॉल केल्यानं दुसऱ्या रूलसेटचे नियम लागू होतात, मेसेज नव्यानं पार्स होत नाही. पार्सर निवडायची जागा एकच, ती म्हणजे इनपुट. म्हणून माझा आग्रह असतो की उपकरणांच्या प्रकारानुसार पोर्ट वेगळे करा. लिनक्स सर्व्हर ५१४ वर राहू द्या, राउटर-स्विचना दुसरा पोर्ट द्या, फायरवॉलना तिसरा. प्रत्येक उपकरणावर जाऊन पोर्ट बदलणं जिकिरीचं आहे हे मान्य, पण ते एकदाच करावं लागतं.

साखळीतला क्रमही बघा. आरएफसी ३१६४ चा पार्सर आधी लिहिला, तर त्याच्या पुढच्यांपर्यंत काहीच पोचत नाही, कारण तो सगळंच स्वीकारतो. त्याची जागा कायम शेवटची. उलट तो पूर्ण काढून टाकून एकटा सिस्कोचा पार्सर ठेवला, तर त्याला न जमलेला मेसेज आरसिसलॉग टाकून देतो. त्याची सूचना सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये येते खरी, पण मेसेज गेलेला असतो.

सिस्कोच्या पार्सरला आणखी एक गोष्ट आपणच सांगावी लागते: मेसेजमध्ये उगमाचं नाव, म्हणजे ओरिजिन, आहे की नाही. पार्सरला ते खात्रीनं ओळखता येत नाही, आणि डीफॉल्ट ‘नाही’ असं आहे. राउटरवर ओरिजिन चालू असेल आणि इथं बंद, तर पार्सर मेसेज नाकारतो, तो साखळीच्या शेवटी जातो आणि पुन्हा अनुक्रमांकाचा टॅग होतो. काही राउटर ओरिजिन पाठवतात आणि काही पाठवत नाहीत, असं असेल तर दोघांना वेगळे पोर्ट आणि वेगळे रूलसेट द्या. किंवा सगळ्या राउटरांवर सेटिंग एकसारखं करून घ्या, ते जास्त बरं.

होस्टनेमवरून फोल्डर बनवत असाल तर आत्ता त्या फोल्डरांची यादी काढून बघा. त्यात ‘कॉज्ड’ नावाचा सर्व्हर आहे का? जावाचा ॲप्लिकेशन टीसीपीवरून लांबलचक एरर पाठवतो तेव्हा प्रत्येक नव्या ओळीला आरसिसलॉग नवा मेसेज धरतो. ‘कॉज्ड बाय’नं सुरू होणाऱ्या ओळीत ना प्राधान्य, ना वेळ. मग पहिला शब्द होस्टनेम ठरतो, ‘बाय’ हा टॅग, आणि प्राधान्य डीफॉल्टनं १३, म्हणजे यूजर-नोटीस. गंभीर एररचं मूळ कारण साध्या सूचनेच्या दर्जानं एका नसलेल्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. पार्सर बदलून हे सुटत नाही, तुटलेल्या ओळी तो जोडू शकत नाही. पाठवणाऱ्यालाच आख्खी एरर एक मेसेज म्हणून पाठवायला लावा. सर्व्हर फाइलमधून वाचत असेल, तर नवा मेसेज कशानं सुरू होतो हे फाइल-इनपुटला रेजेक्सनं, म्हणजे मजकुराचा नमुना देऊन, सांगता येतं. आणि फोल्डरचं नाव होस्टनेमवरून न घेता पाठवणाऱ्याच्या आयपीवरून घ्या. होस्टनेम हे मेसेजमधलं नाव आहे, पाठवणारा तिथं काहीही लिहू शकतो.

वेळेची चूक फक्त चौकशीच्या वेळी उघडी पडते. जुन्या पद्धतीच्या वेळेत ना वर्ष असतं ना टाइमझोन. उपकरण यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आणि सर्व्हर भारतीय वेळेवर असेल, तर नोंद साडेपाच तास आधीची दिसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. अशा वेळी दोन उपकरणांच्या नोंदी एका रेषेत लागत नसतील, तर जपलेल्या लॉगचा उपयोग काय? सगळी घड्याळं एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला, जोडा. इनपुटवर डीफॉल्ट टाइमझोन ठरवता येतो, तो वापरा. लिहिताना मेसेजमधली वेळ आणि सर्व्हरला मेसेज मिळाल्याची वेळ, दोन्ही ठेवा. सिस्कोच्या वेळेआधी तारांकन दिसलं, तर त्या राउटरचं घड्याळ भरवशाचं नाही असं तो स्वतःच सांगतोय.

दोन किरकोळ गोष्टी. टॅगमध्ये तिरपी रेघ असेल, तर प्रोग्रामचं नाव तिथंच तुटतं. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सगळ्या सेवा म्हणूनच एका नावाखाली येतात. ते नको असेल तर त्यासाठी ग्लोबल सेटिंग आहे. मेसेजमध्ये #०११ दिसलं, तर पार्सरला दोष देऊ नका. तो टॅब आहे, पार्सिंगच्या आधीच असा बदललेला.

शेवटी तपासणी. लॉगर कमांडनं मेसेज पाठवून सगळं बरोबर दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दूरच्या सर्व्हरला पाठवताना लॉगर डीफॉल्टनं आरएफसी ५४२४ चा नीटनेटका मेसेज पाठवतो, तुमचा राउटर तसा पाठवत नाही. नेटवर्कवरचे मेसेज टिपणाऱ्या टीसीपीडंपनं राउटरचे खरे दहा-वीस मेसेज पकडून ठेवा आणि तेच नेटकॅट या कमांडनं नव्या पोर्टवर सोडा. त्याआधी मोठ्या एन-१ चा (-N1) पर्याय देऊन कॉन्फिग तपासून घ्या आणि सेवा रीस्टार्ट करा. नुसता हँगअप सिग्नल पाठवून आरसिसलॉग फाइली बंद करून पुन्हा उघडतो, कॉन्फिग नव्यानं वाचत नाही. आमचा एक आख्खा दिवस यातच गेला: कॉन्फिग बरोबर होतं, पण चालत होतं जुनंच.